वैशंपायन सरांची गाडी घाट का चढेना

गॅरेजमध्ये येणाऱ्या माणसाला गाडीला काय झालंय ते सांगता येत नाही, पण ते कशामुळे झालंय याबद्दल मात्र त्याला तिळमात्र शंका नसते. "जगताप, गाडी ओढत नाही. पंपावर भेसळ करतात." "जगताप, गाडी ओढत नाही. मेव्हण्याला चालवायला दिली होती, तेव्हापासून." गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला माझं गॅरेज आहे, आणि उभी हयात मी ही वाक्यं ऐकत आलोय. यार्डातले एक गुळाचे व्यापारी अशीच न ओढणारी गाडी दोन गॅरेजं फिरवून माझ्याकडे घेऊन आले. मी डिकी उघडली, तर आत गुळाच्या ढेपा ठासून भरलेल्या. म्हटलं, "शेठ, आधी ह्या उतरवा." शेठ म्हणाले, "त्या नेहमीच असतात. त्यांचा काय संबंध?"

दिवाळी अंक काढणारे एक गृहस्थ माझे गिऱ्हाईक आहेत. "तुमच्या धंद्यातला एखादा अवघड पेशंट लिहून काढा," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मला गुळाची गाडी नाही आठवली. वैशंपायन सरांची आठवली. त्या गाडीचा दोष जगतापला सापडलाच नाही, असं कसबा पेठेत आजही सांगतात. ते खोटं आहे, पण आजवर मला ते खोडून काढता आलेलं नाही. नाव अर्थात बदललंय, आणि ज्यांची परवानगी घ्यायला हवी होती त्यांची घेतली आहे.

वैशंपायन सर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलताना समोर फळा असल्यासारखा हात फिरतो. त्यांच्या पत्नीने कसब्यातल्या निम्म्या बायकांना शिवणकाम शिकवलंय, त्यामुळे त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. मीही. सरांची गाडी पेट्रोलवरची, चार दारांची, मूळची निळी. लाखावर लाख किलोमीटर पळून दमलेली. ती वापरायची ती मुख्यतः एकाच कामाला. सरांची थोरली बहीण साताऱ्याला असते, तिला दर महिन्याला भेटायला जायचं. जायचं ते कात्रजच्या जुन्या घाटाने. बोगदा होऊन इतकी वर्षं झाली, पण सरांचं मत असं की बोगद्यातून जाणारा माणूस भूगोल चुकवतो.

पहिल्यांदा ती गाडी "घाट चढत नाही" म्हणून आली तेव्हा खरोखरच आजारी होती. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. इंजिनाला मुळात चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी, आणि जळून झालेला धूर बाहेर पडायला मोकळी वाट. पहिल्या तीन सगळे तपासतात. हवेचा फिल्टर बदलतात, प्लग बदलतात, पेट्रोलचा पंप बदलतात. चौथीकडे लक्ष जात नाही. आणि जुन्या, खूप पळालेल्या गाडीत नेमकी तीच तुंबते. सायलेन्सरच्या अलीकडे एक डबा असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. धूर तिच्यातून गाळून बाहेर जातो. इंजिन म्हातारं झालं की थोडं ऑइल जाळायला लागतं, त्याची काजळी त्या जाळीत बसते, कधी जाळीच फुटून तुकडे आडवे येतात. मग इंजिनाला श्वास आत घेता येतो, पण सोडता येत नाही. सपाट रस्त्यावर चालून जातं. चढ आला की जीव घुसमटतो.

सरांच्या गाडीत मी डब्याच्या अलीकडचा सेन्सर काढला, म्हणजे धुराला तात्पुरतं एक भोक मिळालं, आणि गाडी एक फेरी मारून आणली. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण जोर असा आला की मीच हबकलो. दोष सापडला. नवा डबा बसवला. सर गाडी घेऊन साताऱ्याला जाऊन आले आणि मुद्दाम सांगायला आले, "जगताप, अहो, पुन्हा विशीत आल्यासारखी पळतेय." पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते. मी दोन-चार दिवस हवेत होतो.

महिना उलटतो न उलटतो, तोच गाडी पुन्हा दारात उभी.

"जगताप," सर म्हणाले, "तुमचं काम फार छान होतं. टिकलं असतं तर उत्तमच झालं असतं."

"काय होतंय सर?"

"होत काहीच नाहीये, हीच तक्रार आहे. ओढत नाही. परवा कात्रजला मला डेअरीच्या टँकरमागून बैलगाडीच्या वेगाने जावं लागलं."

आता हे माझ्या अंगाशी आलं होतं. नवा डबा इतक्यात तुंबला असेल, तर एकतर डबा भिकार किंवा मी. मी सगळं पुन्हा उघडलं. डबा स्वच्छ. सिलिंडरमधला दाब मोजला, त्या वयाच्या मानाने ठणठणीत. पेट्रोलचा दाब बरोबर. प्लग बदामी रंगाचे, म्हणजे इंजिन नीट जळतंय. ब्रेक घासत असतील तरी गाडी जड चालते, म्हणून चारही चाकं उचलून फिरवली, पंख्यासारखी फिरली. क्लच घसरत नव्हता. बॉनेट उघडं ठेवून, हाताने रेसची तार ओढून इंजिन पळवलं, तर ते गरजलं. आम्ही मेकॅनिक लोक इंजिनापाशी उभं राहून हातानेच रेस देतो. ही सवय पुढे मला नडली, पण ते नंतर.

हा सगळा वेळ बाई गाडीच्या मागच्या सीटवर बसून होत्या. चहा दिला तो आतच घेतला. आत कोंदट होतं, मी खुर्ची मांडली, तरी उतरल्या नाहीत. मला वाटलं, गॅरेजच्या ग्रीसला साडी लागेल म्हणून असेल.

उभ्या गाडीत दोष नाही, चालत्या गाडीत आहे. मग चालवून बघणं आलं. पण मार्केट यार्डाच्या रस्त्यावर गाडीचा जोर बघणं म्हणजे बादलीत पोहून बघण्यासारखं. दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. गेलोच तर समोर हमाल, हातगाडी आणि भोपळे. म्हटलं, "सर, घाटातच जाऊ. मी चालवतो."

"माझी गाडी मी चालवतो," सर म्हणाले. "तुम्ही शेजारी बसून ऐका. बाहेरगावच्या परीक्षकासारखे."

निघालो. सर चालवतायत, मी शेजारी, बाई मागे. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, वारं थंड होतं. कात्रजचं तळं मागे पडलं आणि चढ सुरू झाला. सरांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. गाडी रेंगाळली.

मी डोळे मिटून इंजिन ऐकत होतो. हवा किंवा पेट्रोल कमी पडलं की इंजिन खोकतं, आचके देतं, तक्रार करतं. हे काहीच करत नव्हतं. निवांत होतं. साहेबाने अर्धंच काम सांगितलंय आणि ते आपण चोख करतोय, असा कारकुनी आवाज. माझ्या डोक्यात लख्ख झालं. इंजिनाला जोर कमी नाही. इंजिनाकडे जोर मागितलाच जात नाहीये. सरांचा पाय दाबलेला आहे, पण पेडल खालपर्यंत जातच नाही. मी वाकून सरांच्या पायाकडे बघायला लागलो.

"जगताप," मागून बाईंचा आवाज आला, "घाटात वाकू नका. मळमळतं. सरळ बसा."

आवाज शांत होता, पण शिवणाच्या वर्गात पोरींनी टाका चुकवल्यावर निघत असेल तसा. मी आरशात पाहिलं. त्या माझ्याचकडे बघत होत्या. मी सरळ बसलो.

आणि तेवढ्यामुळे पुढचं दिसलं. वळणावर डाव्या कडेला एक टेम्पो बंद पडून उभा होता. चांगला पिवळाधमक, कांद्याने भरलेला. अर्धा रस्त्यात. सर सरळ त्याच्यावर निघाले होते. मला वाटलं, आता वळवतील. आता वळवतील. मग लक्षात आलं की ते ब्रेककडे पायही नेत नाहीयेत. मी ओरडलो, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंगला हात घातला. गाडी तिरकी होऊन टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली.

"काय करताय तुम्ही!" सर माझ्यावर खेकसले.

"सर, टेम्पो!"

"कुठला टेम्पो?"

मग त्यांनी सबंध मान डावीकडे वळवली, आणि तेव्हा त्यांना तो दिसला.

"सूर्य डोळ्यावर आला," ते म्हणाले.

"सकाळपासून ढग आहेत," बाई म्हणाल्या.

टेम्पोवाला चाकाला लावायला दगड शोधत होता, तो धावत आला. "आजोबा, एवढा मोठा टेम्पो दिसत नाय व्हय? पिवळा हाय की!" सर खाली उतरले आणि रस्त्यात बंद पडलेल्या वाहनाच्या मागे खूण ठेवण्याबाबतचे नियम त्याला समजावून सांगायला लागले. बोलता बोलता एका हाताने टेम्पोचा पिवळा पत्रा चाचपत होते.

मी चालकाच्या बाजूने जाऊन पेडलखाली हात घातला. तिथे काळा, गुळगुळीत, रेक्झिनने मढवलेला एक ठोकळा होता. कडेने बारीक, एकसारखी शिवण. गॅरेजात गाडी चालू करताना मी तो पाहिला होता आणि कंपनीचाच समजलो होतो. जुन्या गाड्यांत कंपनीने कुठे काय बसवलंय, ते कंपनीलाही आठवत नाही. रेस हातानेच दिली होती, म्हणून पेडल तिथे अडतं हे कळलंच नव्हतं. आता दाबून पाहिलं. आत रबर होतं.

"हवाई चपलेची टाच आहे," बाई म्हणाल्या. "तीन थर. खाली चिकटवलंय, सुटणार नाही."

"तुम्ही बसवलंत?"

"मग काय शिंप्याला बोलावू?" त्यांनी एकदा सरांकडे पाहून घेतलं. सर अजून नियमांवर होते. "जगताप, तुम्ही गाडी इतकी चांगली का केलीत हो? आधी बरं चाललं होतं. चढावर दमायची, हे मागे मागे राहायचे. तुम्ही ती विशीत आणलीत. त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला याच घाटात ह्यांनी टँकरला मागे टाकलं, आणि डावीकडे घेतलं तर तिथे स्कूटरवर एक जोडपं. बाईच्या मांडीवर मूल होतं. कसे वाचले देव जाणे. मी किंचाळले, तर हे म्हणाले, काय झालं? यांना ते दिसलेच नव्हते. नंतरही दिसले नाहीत."

सरांच्या गाडीचा पत्रा माझ्या डोळ्यांपुढे आला. सगळे ओरखडे डाव्या बाजूला. मी दर वेळी रंग मारून दिला आणि कसब्याच्या बोळांना शिव्या दिल्या.

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"ह्यांच्या दादांचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला, फार पूर्वी. तेव्हापासून डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. डोळ्यांचं माझ्या हातात नव्हतं. गाडीचं होतं."

माझ्यातला मेकॅनिक अशा वेळीही गप्प बसत नाही. म्हटलं, "पण बाई, हे उलटं धोक्याचं. ओव्हरटेक करताना जोर कमी पडला तर?"

"जोर नाही म्हटल्यावर हे ओव्हरटेक करतच नाहीत. कुरकुर करत मागून जातात. कुरकुर मला चालते."

मघाशी गाडी पूर्ण जोरात असती, तर हातभर अंतर राहिलं नसतं, हे मला दिसत होतं.

सर परत आले. "सापडला का दोष?"

बाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. एका बाजूला माझ्या गॅरेजची अब्रू, दुसऱ्या बाजूला चपलेची टाच. मी म्हटलं, "सर, इंजिनात दोष नाही. पण तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये. एकदा डोळे तपासून घ्या."

सरांचा चेहरा दगडासारखा झाला. "मी तुम्हाला गाडी दाखवायला आणलं होतं. डोळे दाखवायला आणलं असतं, तर तसं सांगितलं असतं. दोष सापडला नाही असं म्हणा. त्यात कमीपणा नाही. बसा. मी चालवतो."

मी बसलो नाही. बसायची छाती झाली नाही, असं म्हणा. पण बाई त्याही पुढे गेल्या. त्या गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, बस ना."

"नाही. तुम्ही जा."

"आणि तू?"

"मी येईन टेम्पोतून."

"टेम्पो बंद पडलाय, बाई," टेम्पोवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"मग बंद टेम्पोत बसेन," बाई म्हणाल्या. "तो निदान कुणावर जाणार नाही."

सर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. इंजिन चालू होतं. एक एसटी गेली, दोन मोटारी गेल्या. मला वाटलं, आता निघून जातील, हट्टी माणूस. लग्न झाल्यापासून बाई शेजारी किंवा मागे नसताना त्यांनी बहुधा कधी घाट ओलांडला नव्हता. मग त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, पुढून वळसा घालून डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावून समोर बघत राहिले. बाई येऊन मागे बसल्या. मी गाडी वळवली. कसब्यात उतरताना सर फक्त म्हणाले, "तिसऱ्या गिअरला तुम्ही फार लवकर जाता."

डोळ्यांच्या दवाखान्यात ते गेले, कसे गेले ते बाईंनाच ठाऊक. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला. डाव्यात काचबिंदू निघाला, आणि त्याने खाल्लेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार वर्षं आधी आला असता तर, वगैरे. सरांच्या गाडीचा डावा पत्रा मी तेवढीच वर्षं रंगवत होतो. इंजिनाच्या आवाजावरून मला व्हॉल्व्ह कळतो, पण पत्र्यावरून माणूस कळला नाही. असो.

ऑपरेशननंतर सर एकदा आले. आल्या आल्या दारात थांबले. "अहो जगताप, इथे किती घाण आहे! हे नेहमीच असं होतं?" म्हटलं, "नेहमीच." मग बसले आणि मी न विचारता म्हणाले, "गाडी चालवणं मी सोडलंय. डॉक्टर नको म्हणाले म्हणून नव्हे. पुण्यातली वाहतूक दिसायला दोन डोळे पुरत नाहीत, तिथे एकाचा काय पाड." हे बोलताना हसले, पण चहा तसाच ठेवून गेले.

गाडी विकणार, असं मी धरून चाललो होतो. पण साताऱ्याची बहीण होतीच. महिन्याभराने बाईंचा फोन आला, "जगताप, ड्रायव्हिंग शिकायला वयाची अट असते का?" म्हटलं, खालची असते, वरची माझ्या ऐकण्यात नाही. त्या खरंच क्लासला गेल्या. नात शोभेल अशा पोरींच्या रांगेत बसून शिकल्या, आणि परवाना मिळवला. ठोकळा त्यांनी स्वतःच उसवून काढला. मला म्हणाल्या, "आता मला पाय पूर्ण दाबता यायला हवा."

सरांना ठोकळा कधी कळलाच नाही. त्यामुळे त्यांच्या लेखी घडलं ते असं: जगतापने सगळं उघडून पाहिलं, घाटात नेलं, तरी दोष सापडला नाही, आणि पुढे हिने गाडी हातात घेतली तर गाडी आपोआप बरी झाली. हे ते पेठेत सगळ्यांना सांगतात, वर "माणूस प्रामाणिक आहे, पण आता वय झालं," अशी माझी पाठराखणही करतात. त्यांच्या गल्लीतली दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. बाईंना मी एकदा गाऱ्हाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत. मला नवरा एकच आहे."

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सर दुपारचे चालत गॅरेजात आले, एकटेच. खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली आणि आवाज खाली आणला.

"जगताप, एक खासगी विचारायचं होतं. हिच्या कानावर जाता कामा नये."

"बोला सर."

"हिला वेगाचं अंग आहे. आम्हाला कल्पना नव्हती. काल जुन्या घाटात हिने ओळीने दोन टँकर मागे टाकले. मी म्हटलं, अगं, हळू. तर म्हणते, रस्ता मोकळा आहे, मला दिसतंय. मी एक डोळा मिटून घेतला. दुसरा मिटलेलाच असतो." त्यांनी खुर्ची आणखी जवळ सरकवली. "गाडीचा जोर जरा कमी करता येतो का? म्हणजे, तिला कळणार नाही अशा बेताने?"

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती. माणूस मनापासून घाबरला होता.

"सर, मी आजवर जोर वाढवायचीच कामं केली," म्हटलं. "कमी करण्यातलं मला काही कळत नाही."

"मग कुणाला कळतं?"

"घरी विचारा."

सर उठले, छत्री उचलली, म्हणाले, "जगताप, या वयात असला खवचटपणा शोभत नाही," आणि तरातरा कसब्याच्या दिशेने चालू लागले.